बर्फाच्या लादीमागचा अमोनिया

२०१८ या एकाच वर्षात गोव्यात दोन रसायनांची नावे घरोघरी पोहोचली. जानेवारीतल्या एका पहाटे मुरगाव बंदराकडून झुआरीनगरच्या खत कारखान्याकडे अमोनिया घेऊन निघालेला टँकर चिखली येथे महामार्गावर उलटला. वायू पसरू लागला, शेकडो रहिवाशांना झोपेतून उठवून घराबाहेर काढावे लागले, श्वासाचा त्रास झालेल्यांना इस्पितळात हलवावे लागले. पुढे जुलै महिन्यात मडगावच्या घाऊक मासळी बाजारात अन्न व औषध प्रशासनाने परराज्यांतून आलेल्या मासळीची तपासणी केली. जागेवर केलेल्या चाचणीत फॉर्मेलिनचा संशय आला, आणि लगेच पाठोपाठ प्रयोगशाळेचा हवाला देऊन प्रमाण ‘मर्यादेत’ असल्याचे सांगण्यात आले.

पहिली घटना आठवडाभरात मागे पडली. दुसरीने विधानसभा गाजली, परराज्यांतील मासळीवर सुमारे पंधरा दिवसांची बंदी आली, नंतर नोंदणीची व इन्सुलेटेड वाहनांची सक्ती झाली, सिंधुदुर्गातील मासळी व्यापाऱ्यांशी वाद पेटला आणि कित्येक गोमंतकीय कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच ताटातल्या मासळीकडे संशयाने पाहिले. ‘मर्यादेत’ या एका शब्दाने तर सरकारची विश्वासार्हताच पणाला लावली. मासळीत निसर्गतःच थोडे फॉर्माल्डिहाइड तयार होते, हे खरे. पण परिरक्षक म्हणून ते वापरण्यास परवानगीच नाही, हेही तितकेच खरे. ही दोन वाक्ये त्या दिवशी एकत्र सांगितली गेली असती, तर निम्मा गोंधळ टळला असता.

फॉर्मेलिनची भीती निराधार नव्हती. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडचा समावेश २००४ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात केला. परंतु तो निष्कर्ष प्रामुख्याने श्वासावाटे दीर्घकाळ संपर्क आलेल्या कामगारांच्या अभ्यासावरून काढलेला होता. म्हणजे ज्याला धोका सर्वांत मोठा, तो मासळी खाणारा नव्हे, तर ते रसायन हाताळणारा. त्या हाताळणाऱ्याविषयी २०१८ च्या चर्चेत कोणी अवाक्षर काढले नाही. लोकांच्या मनात रसायनाचा धोका ताटापासून मोजला जातो. भिंतीपलीकडे काय साठवले आहे, याची चौकशी वास येईपर्यंत होत नाही.

अमोनियाची गोष्ट नेमकी भिंतीपलीकडची आहे, आणि ती केवळ झुआरीनगरपुरती नाही. मालीम, कुटबण, वास्कोचा खारीवाडा, शापोरा येथील जेटींवरून ट्रॉलर समुद्रात जातात ते बर्फ भरून. मासळी उतरते ती बर्फात, मडगाव-म्हापशाच्या बाजारात विकली जाते ती बर्फावर, आणि कुंकळ्ळीसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या प्रक्रिया कारखान्यांत गोठवली जाते ती शीतगृहात. बर्फाची लादी तयार करणाऱ्या कारखान्यांत आणि मोठ्या शीतगृहांत शीतक म्हणून बहुधा अमोनियाच वापरला जातो. दोन्ही रसायनांचा धागा इथे जुळतो. पुरेसा बर्फ, पुरेशी थंडी असेल तर मासळीला फॉर्मेलिन चोळण्याचे कारणच उरत नाही. फॉर्मेलिनवरचा खरा उतारा बर्फ आहे आणि बर्फामागे अमोनिया आहे. म्हणून ‘हे कारखाने बंद करा’ अशी मागणी सोपी असली तरी शहाणपणाची नाही.

अमोनिया वापरला जातो त्याला भक्कम कारणे आहेत. एक किलो द्रव अमोनिया बाष्प होताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्यासाठी फ्रिऑनच्या जातीचा वायू पाच-सहा किलो लागतो. तो स्वस्त आहे, ओझोनच्या थराला धक्का लावत नाही आणि वातावरण तापवण्यात त्याचा वाटा जवळपास शून्य आहे. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिल्यानंतर कृत्रिम शीतके टप्प्याटप्प्याने कमी करण्याची जबाबदारी देशावर आली आहे. तेव्हा पुढील काळात अमोनियाचा वापर वाढण्याचीच शक्यता अधिक. पर्यावरणाच्या हिशेबात गुणी ठरलेला हा वायू शेजाऱ्याच्या हिशेबात मात्र तापट आहे.

तो पाण्यासाठी हपापलेला असतो. एक लिटर पाणी कित्येकशे लिटर अमोनिया वायू शोषून घेते. माणसाच्या शरीरात ओलावा असतो तो डोळ्यांत, नाकात, घशात, फुप्फुसांत आणि घामाने भिजलेल्या त्वचेवर. तिथे पोहोचताच अमोनियाचे तीव्र अल्कलीत रूपांतर होते आणि ऊती विरघळू लागतात. आम्लाची जखम बरीचशी वरच थांबते. अल्कली आत उतरत जाते. म्हणून अमोनियाने डोळा गेला असे होते, आणि ते काही मिनिटांत होते. अशा वेळी डॉक्टरकडे धावण्याआधी निदान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळे उघडे धरून धुणे, हाच खरा उपचार आहे. फुप्फुसांचे आणखी वेगळे. जोराचा झोत श्वासात गेलेला माणूस तासाभराने बरा वाटू लागतो, घरी जातो, आणि नंतर काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू लागते. म्हणूनच अशा रुग्णाला एक दिवस तरी देखरेखीखाली ठेवले जाते.

कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीने आठ तासांच्या पाळीसाठी हवेतील अमोनियाची सरासरी मर्यादा दहा लाखांत २५ भाग अशी ठरवली होती, आणि अल्पकाळासाठी ३५. हवेत ३०० भाग झाले की ती जागा जीविताला तात्काळ धोकादायक समजली जाते. पाच हजारांच्या पुढे काही मिनिटांत मृत्यू संभवतो. त्याचा उग्र दर्प मात्र या मर्यादांच्या बऱ्याच खाली जाणवू लागतो. निसर्गाने दिलेली ही घंटाच म्हणायची, आणि भोपाळच्या लोकांना ती इतक्या आधी मिळाली नव्हती. अडचण अशी की, रोज त्या वासात वावरणाऱ्याचे नाक सरावते. बाहेरून आलेला माणूस दारातच डोळे पुसतो आणि आतला ऑपरेटर म्हणतो, ‘इतका तर नेहमीच असतो.’ अमोनियाच्या अपघातांचे मूळ बऱ्याचदा या ‘नेहमीच’मध्ये सापडते.

बर्फाच्या कारखान्याची रचना पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. जमिनीत बांधलेली मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात उभे केलेले पत्र्याचे साचे, साच्यांत गोडे पाणी. मिठाचे पाणी शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंत थंड केले जाते आणि साच्यांतले पाणी तासन्‌तास गोठत राहते. हे थंड करण्याचे काम टाकीतून फिरणाऱ्या नळ्यांतला अमोनिया करतो. तिथून निघालेली वाफ कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाते, कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव होते आणि रिसीव्हरमध्ये साठते. गोव्याच्या उकाड्यात या बाजूचा दाब वातावरणाच्या तेरा-पंधरा पट असतो. एवढ्या दाबाखालचा द्रव एखाद्या फटीतून निसटला, तर त्याचे वायूत रूपांतर होताना घनफळ सुमारे साडेआठशे पट वाढते.

फट पडते कुठे? क्वचित टाकीला, बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या ग्लँडला, गॅस्केटला, गंजलेल्या नळीच्या वळणाला. खारी हवा, मिठाचे पाणी आणि लोखंड यांचे किनाऱ्यावर पटत नाही. पण सर्वांत धोक्याची घटका म्हणजे तेल काढण्याची. कॉम्प्रेसरचे वंगण अमोनियाबरोबर वाहत जाऊन भांड्यांच्या तळाशी साचते आणि ते अधूनमधून बाहेर काढावे लागते. ऑपरेटर व्हॉल्व्ह उघडतो, तेल येते, पाठोपाठ अमोनिया येतो. व्हॉल्व्ह साधा असेल आणि माणूस भेदरून मागे सरला, तर तो उघडाच राहतो. हात सोडताच आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवला, तर हा प्रसंगच येत नाही. तो काही फार महाग नसतो. परंतु जुन्या कारखान्यांत जुनेच व्हॉल्व्ह असतात, आणि काहीही झालेले नसताना ते बदलण्याची निकड कोणाला वाटत नाही.

किनाऱ्यावर याला ऋतूचीही जोड आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. बर्फाची मागणी पडते, काही कारखाने थांबवले जातात, काही मंदावतात. त्या दोन महिन्यांत पावसाची हवा नळ्यांना गंज चढवते, रबराच्या सीली सुकतात, एखादा अनुभवी ऑपरेटर गावी जातो आणि परत येत नाही. मग ऑगस्टच्या तोंडावर सगळे एकदम सुरू करायचे असते, तेही घाईत, कारण ट्रॉलरवाले बर्फासाठी उभे असतात. कोणत्याही दाबाच्या यंत्रणेत बंद करणे आणि पुन्हा सुरू करणे हे सर्वांत नाजूक क्षण मानले जातात. इथे ते दरवर्षी तारीख ठरवून येतात.

घाईचे मोल काय असू शकते, याचे उदाहरण दूरच्या एका गावातले आहे, पण यंत्रणा तीच आहे. कॅनडातील फर्नी या छोट्या शहराच्या बर्फ-क्रीडागृहात १७ ऑक्टोबर २०१७ रोजी अमोनियाची गळती होऊन तीन कामगार मृत्युमुखी पडले. तिथेही अमोनिया मिठाचे पाणी थंड करीत होता. ज्या चिलरमधून गळती झाली, तो जुना होता, आणि त्यातून अमोनिया मिठाच्या पाण्यात मिसळतो आहे हे काही महिने आधीच लक्षात आले होते. हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून तो पुन्हा चालू करण्यात आला. चौकशीने तो निर्णय नेमका नोंदवला. भारतातील बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्यातला अमोनिया तपासण्यासाठी चाचणीचे द्रावण किंवा रंग बदलणारी कागदाची पट्टी पुरते. जोडावरची गळती शोधायला जुने ऑपरेटर अजूनही पेटत्या गंधकाची वात नळीजवळून फिरवतात. अमोनिया भेटताच पांढरा धूर उठतो. म्हणजे ज्ञान आहे, साधन आहे. कोणत्या दिवशी, कोणी तपासले आणि काय आढळले याची वही मात्र सर्वत्र नसते.

एका समजुतीचा इथेच समाचार घ्यायला हवा. अमोनिया हवेपेक्षा हलका, तेव्हा तो वर निघून जातो, असे छातीठोकपणे सांगितले जाते. वायू म्हणून तो हलका आहेच. परंतु दाबाखालचा द्रव निसटतो तेव्हा अतिशय थंड, सूक्ष्म थेंबांनी भरलेला पांढरा ढग तयार होतो. हा ढग हवेहून जड असतो, जमिनीलगत सरपटतो, आणि वाऱ्याच्या दिशेने गटारे, सखल अंगणे, घरांचे उंबरे गाठतो. दमट हवा त्याला आणखी बळ देते, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर दमट नसलेली हवा शोधावी लागेल. दुसरी गल्लत पाण्याची. हवेतल्या ढगावर पाण्याचा पडदा धरला तर तो वायू शोषून घेतो. पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर तेच पाणी ओतले तर द्रव उकळतो आणि ढग दुपटीने उठतो. अग्निशामक दलाला हे ठाऊक असते. शेजारून बादली घेऊन धावणाऱ्याला नसते. रहिवाशाने करायचे ते वेगळे आहे: वाऱ्याला आडवे चालत ढगाबाहेर पडायचे, नाकातोंडावर ओले फडके धरायचे, बाहेर पडता येत नसेल तर दारे-खिडक्या बंद करून फटींत ओले कापड कोंबायचे.

देशात आणि जगात याआधी काय घडले, त्याची नोंद थोडक्यात पुरे. सेनेगलमधील डाकार येथे मार्च १९९२ मध्ये शेंगदाणा तेलाच्या कारखान्यात अमोनियाची टाकी फुटून १२९ माणसे गेली. जून २०१५ मध्ये पंजाबात लुधियानाजवळ दोराहा येथे टँकर पुलाखाली अडकून गळती झाली आणि सहा जण दगावले. डिसेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील फूलपूरच्या खत कारखान्यात दोन अधिकारी मृत्युमुखी पडले. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या एन्नोर येथे समुद्राखालच्या नळातून सुटलेल्या अमोनियाने मध्यरात्री मच्छीमारांच्या वस्त्या रिकाम्या केल्या. यांत कुठे महाकाय कारखाना आहे, कुठे नुसते रस्त्यावरचे एक वाहन. प्रत्येक ठिकाणी ज्यांना झळ बसली त्यांतल्या अनेकांना त्या रसायनाचे नाव त्या दिवशीच कळले.

कायदा काय म्हणतो? भोपाळनंतर भारताने कायद्यांची मालिकाच केली. कारखाने कायद्यात १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण घातले गेले. त्यात धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि परिसरातील जनतेला देण्याचे बंधन आले. पण ते बंधन ज्या उद्योगांच्या यादीला लागू झाले, तिच्यात खत कारखाने आहेत. बर्फाचे कारखाने नावानिशी नाहीत. १९८९ मध्ये घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीचे नियम आले. त्यांतली मालकाची सर्वसाधारण जबाबदारी, म्हणजे धोका ओळखणे, कामगारांना शिकवणे, साधने देणे, ही साठा कितीही लहान असला तरी आहे. मात्र कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठी आपत्कालीन आराखडा करणे आणि तिथल्या लोकांना काय घडू शकते हे आधी सांगणे, ही बंधने ठराविक साठ्यानंतरच सुरू होतात. अमोनियाच्या स्वतंत्र साठवणुकीसाठी हा आकडा ६० टनांचा आहे. प्रक्रियेतल्या वापरासाठीचाही त्याच्याच आसपासचा. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर जे आपत्ती गट उभे केले, त्यांचे लक्षही स्वाभाविकपणे या मोठ्या साठ्यांकडेच असते.

बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया काही शे किलोंपासून काही टनांपर्यंत असतो. म्हणजे तो ६० टनांच्या रेषेच्या खूप खाली आहे. झुआरीनगरच्या खत कारखान्यावर आराखडे, सराव, सायरन यांची सक्ती आहे, ती रास्तच आहे. पण त्या कारखान्याला कुंपण आहे, प्रशिक्षित माणसे आहेत, स्वतःचे अग्निशमन आहे. वस्तीत, जेटीच्या तोंडाशी, एका भिंतीआड दोन टन अमोनिया बाळगणाऱ्या जागेला यांतले काहीच सक्तीचे नाही. कायदा टन मोजतो, अंतर मोजत नाही. दोनशे मीटरवर कोणी राहत नाही अशा ठिकाणचे साठ टन आणि शयनगृहाच्या खिडकीपासून दहा मीटरवरचे दोन टन यांत कोणते अधिक धोक्याचे, हा प्रश्न १९८९ च्या अनुसूचीत बसतच नाही.

याच भोपाळमधून अमेरिकेने काढलेला निष्कर्ष ताडून पाहण्यासारखा आहे. तिथे १९८६ मध्ये समुदायाच्या माहितीच्या हक्काचा कायदा झाला. त्यानुसार अमोनियाचा साठा ५०० पौंडांवर, म्हणजे सुमारे २२७ किलोंवर गेला की स्थानिक आपत्कालीन नियोजनाशी त्या जागेचा संबंध येतो. त्याहून कडक अशी जोखीम-व्यवस्थापनाची बंधने १०,००० पौंडांवर, म्हणजे साधारण साडेचार टनांवर लागू होतात. दोन देशांतील मर्यादा नेमक्या एकाच कामासाठी आखलेल्या नाहीत, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून निवाडा करणे अन्यायाचे होईल. तरी २२७ किलो आणि ६०,००० किलो यांतले अंतर एवढे मोठे आहे की, ते तांत्रिक तपशिलाने भरून निघत नाही. दुर्घटना भारतात घडली. तिच्यापासून शेजाऱ्याचा माहितीचा हक्क अधिक काटेकोरपणे दुसऱ्या देशाने लिहून काढला.

या पार्श्वभूमीवर नवी कामगार संहिता आली आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाली आणि कारखाने कायदा तिच्यात विलीन झाला. विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी कामगारांची किमान संख्या १० वरून २० वर गेली. संहितेतील मूलभूत कर्तव्ये १० कामगारांच्या आस्थापनेलाही लागू राहतात, हे खरे. पण बर्फाच्या कारखान्याचा स्वभावच असा की, तिथे पाळीला मोजकी माणसे लागतात. एक-दोन ऑपरेटर, साचे उचलणारे तिघे-चौघे, लादी फोडणारे. त्यांतले बरेच बाहेरून भरलेले. डोकी मोजून धोका ठरवायचा तर हा उद्योग दहाच्या रेषेलाही चुकवू शकतो. १९८९ च्या नियमांना तो टनांमुळे दिसत नाही आणि नव्या संहितेला माणसांमुळे दिसणार नाही, अशी ही दुहेरी निसटबाजू आहे.

संहितेतच त्यावर एक तोड आहे. धोकादायक किंवा जीवघेणे काम चालणाऱ्या आस्थापना केंद्र सरकारने अधिसूचित केल्या, तर त्यांना कामगारसंख्येची अट लागत नाही. अमोनियावर चालणारी शीतकरण यंत्रणा या अधिसूचनेत यावी, असा आग्रह गोव्यासारख्या किनारी राज्याने धरला तर तो वावगा ठरणार नाही. बर्फ आणि शीतगृहे यांवाचून या राज्याची मासळी, पर्यटन आणि औषधनिर्मिती यांतले काहीच चालत नाही. आणि राज्य इतके लहान आहे की कोणताही कारखाना कोणत्या तरी वाड्याला लागूनच असतो.

वाटेवरच्या अमोनियाची व्यवस्था वेगळी आहे. टँकरची टाकी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेच्या नियमांत येते, वाहन व चालक मोटार वाहन नियमांत. चालकाला विशेष प्रशिक्षण हवे, टँकरवर रसायनाचे नाव, १००५ हा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक आणि आपत्कालीन दूरध्वनी असलेला फलक हवा. चिखलीनंतर हा फलक वाचायला किती मुरगावकर शिकले, हे विचारणे थोडे खवचटपणाचे आहे. पण त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या शाळेच्या बसचालकाला तो वाचता यायला हवा, यात खवचटपणा काही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजार टनांहून अधिक नाफ्था असलेले ‘नू शी नलिनी’ हे जहाज मुरगाव बंदरातून भरकटून दोनापावलाच्या खडकांवर जाऊन बसले, तेव्हाही नाफ्था म्हणजे काय, याची शोधाशोध जहाज अडकल्यानंतरच सुरू झाली होती.

कारखानदारांची बाजू ऐकून घेणे आवश्यक आहे. बर्फाचा धंदा हंगामी आहे, विजेचे बिल हा त्यातला सर्वांत मोठा खर्च आहे, आणि ट्रॉलरमालकाला लादी दहा रुपयांनी महाग झालेली चालत नाही. बरेच कारखाने जिथे उभे राहिले, तिथे तेव्हा वस्ती नव्हती. घरे नंतर भिंतीला येऊन भिडली आणि ती बांधायला परवानगी कारखानदाराने दिली नव्हती. हा युक्तिवाद बऱ्याच अंशी बरोबर आहे. त्यातून जबाबदारी संपत नाही, वाटली जाते. हवेतले प्रमाण २५ भागांवर जाताच वाजणारा डिटेक्टर, सुरक्षा-झडपेतून निघणारा वायू थेट हवेत न सोडता पाण्याच्या टाकीत नेणारी नळी, यंत्रघराबाहेरून बंद करता येणारा मुख्य व्हॉल्व्ह, दाराजवळ पाण्याची फवारणी आणि दोन माणसांपुरती श्वसनाची साधने: एवढे केले तरी गळती वस्तीपर्यंत जाण्याआधीच रोखता येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. सरकार ट्रॉलरना डिझेलवर सवलत देते. तीच मासळी टिकवणाऱ्या यंत्रणेच्या सुरक्षेसाठी एक छोटी अनुदान योजना आखली, तर ती त्या सवलतीपुढे किरकोळ ठरेल.

पंचायतींचाही इथे संबंध येतो. गोव्यातील ग्रामसभा रस्त्याच्या रुंदीवरून, कचऱ्यावरून, मेगा प्रकल्पांवरून रणकंदन करू शकते, हे वारंवार दिसले आहे. मात्र परवाना नूतनीकरणाला आलेल्या बर्फाच्या कारखान्याला ‘तुमच्याकडे अमोनिया किती किलो आहे?’ असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उत्तर गुप्त ठेवण्यासारखे नाही. कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाकडे नोंद असलेल्यांची माहिती आहे. नोंदीबाहेर राहिलेल्यांची यादी वीज खाते आणि मत्स्योद्योग खाते यांच्या कागदांवरून महिन्याभरात तयार होऊ शकेल. ती अग्निशामक दलाच्या जवळच्या केंद्रात, आरोग्य केंद्रात आणि पंचायतीच्या फलकावर लागली की पहाटे तीनला येणारा दूरध्वनी ‘कसला तरी वास येतोय’ यापेक्षा नेमका होईल. आरोग्य केंद्राला आधी कळले, तर डोळे धुण्यासाठी सलाइनच्या बाटल्या तरी तयार राहतील. प्रत्येक रुग्ण तडक बांबोळीला धाडला जाणार नाही.

कारखान्यांतल्या सूचनांच्या पाट्या बहुधा इंग्रजीत असतात. साचे उचलणारा कामगार ओडिशाचा, झारखंडचा किंवा उत्तर कर्नाटकातला असतो आणि शेजारी राहणारी म्हातारी कोकणी-मराठी जाणते. त्या पाटीचा खरा वाचक निरीक्षकच.

राज्याच्या नियमांचा मसुदा, केंद्राची अधिसूचना, अनुदान या गोष्टींना वेळ लागेल. मोसम मात्र थांबत नाही. १ ऑगस्टला ट्रॉलर निघायचे, तर त्यांच्या खणांत बर्फ ३१ जुलैला भरलेला असतो. त्यासाठी कॉम्प्रेसर आठ-दहा दिवस आधी सुरू झालेले असतात. म्हणजे नळ्या ठोकून पाहायला, ग्लँड आवळायला, मिठाचे पाणी तपासायला आणि जुना व्हॉल्व्ह बदलायला दरवर्षी जून आणि जुलैचा पहिला पंधरवडा एवढाच काळ हाती असतो. त्याच दिवसांत निरीक्षणालयाची माणसे मालीमपासून कुटबणपर्यंत एक फेरी मारून आली, तर त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.